घरचे जुने फोटो आणि स्मृतिभ्रंश: नाशिकच्या कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात आई, वडील, सासू, सासरे किंवा आजी-आजोबांना स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया आहे आणि कपाटात जुन्या फोटोंची पिशवी पडून आहे, अशा घरांसाठी ही माहिती आहे. फोटोंचा उपयोग होतो, पण कोणता फोटो, केवढा, कधी आणि काय बोलून दाखवायचा यावर बरंच काही अवलंबून असतं.

फोटो दाखवल्याने आठवणी परत येतात का? आजार थांबतो का?

नाही. अल्झायमर असो वा रक्तवाहिन्यांमुळे आलेला स्मृतिभ्रंश, फोटोंनी मेंदूतली झीज भरून येत नाही. या पद्धतीवर जगभर अभ्यास झाले आहेत. त्यांत दिसलेला फायदा मर्यादित आहे आणि माणसागणिक बदलतो. मन थोडं प्रसन्न राहतं, बोलणं वाढतं, सांभाळणाऱ्याशी नात्यातला ताण सैलावतो. औषधांच्या जागी फोटो, असं कधीही करू नका.

तरीही आम्ही फोटोंचा आग्रह धरतो, कारण अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी बिघडतो. सकाळी काय खाल्लं हे जातं, पण विशीत सायकलवरून कॉलेजला कसं जायचो हे बराच काळ टिकतं. दिवसभर ज्या माणसाला ‘आत्ताच सांगितलं ना!’ एवढंच ऐकावं लागतं, त्याला पंधरा-वीस मिनिटं तरी स्वतःला ठाऊक असलेल्या गोष्टींबद्दल बोलता येतं. म्हणून एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी आधीच ठरवून घ्यावी: फोटो ही परीक्षा नाही, सोबत बसायचं निमित्त आहे. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं यातूनच येतात.

कोणत्या काळातले फोटो निवडायचे?

साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत पक्क्या असतात. शाळा, मैत्रिणी, पहिली नोकरी, लग्न, पहिलं मूल हे सगळं त्यात येतं. घरचे लोक मात्र हमखास नातवाचा वाढदिवस, अमेरिकेतल्या मुलाचं घर, पंचाहत्तरीचा सोहळा असे अलीकडचे फोटो काढतात. ते आपल्याला जवळचे असतात, त्यांना नसतात. जन्म १९४५ चा असेल तर १९५५ ते १९७५ मधले फोटो आधी शोधा.

नाशकात वाढलेल्या माणसाकडे ओळखीच्या काही गोष्टी हमखास असतात: गंगेवरचा म्हणजे गोदावरीवरचा, रामकुंडाजवळचा फोटो, नारोशंकराची घंटा, काळारामाच्या रथाची गर्दी, रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा हौद), वणीच्या गडावरचा नवस, पांडवलेण्यांची सहल, सिंहस्थात घरी उतरलेले पाहुणे. नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये नोकरी केलेल्यांच्या घरी आतले फोटो सहसा सापडत नाहीत, पण सेंडऑफचा खुर्च्यांवर बसलेला ग्रुप फोटो असतो. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते त्यांच्याकडे कॉलनीतल्या गणपतीचे असतात. द्राक्षबागेतले, कांद्याच्या चाळीसमोरचे, बैलजोडीबरोबरचे फोटो शेतकरी माणसाला लग्नाच्या फोटोपेक्षा जास्त बोलकं करतात, हे लक्षात ठेवा. ज्या कामात हात मुरले, ते काम फोटोत असू द्या.

किती फोटो घ्यायचे? लग्नाचा अख्खा अल्बम दिला तर?

अख्खा अल्बम देऊ नका. सुरुवात बारा ते पंधरा फोटोंनी करा, आणि एका बैठकीत तीन ते पाचच काढा.

एका पानावर एकच फोटो. डावं पान कोरं ठेवा, फोटो उजव्या पानावर. एका पानावर चार फोटो असले की नजर कुठे ठेवावी हे कळत नाही आणि माणूस पानं भराभर उलटायला लागतो. घरच्यांना वाटतं त्यांना रस नाही. खरं तर पानावरची गर्दी झेपत नसते.

फोटोत एक ते तीन चेहरे असावेत, आणि प्रत्येक चेहरा निदान तीन सेंटिमीटर उंच दिसावा. लग्नाच्या चाळीस जणांच्या ग्रुपमधून नवरा-नवरी आणि शेजारची करवली एवढंच कापून मोठं करा. पाच बाय सात इंच हा आकार हातात धरायला बरा. नजर अधू असेल किंवा आजार पुढे गेला असेल तर ए-फोर. कागद मॅट फिनिशचा मागा. ग्लॉसी कागदावर ट्यूबलाइट चमकते आणि मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना फक्त पांढरा पट्टा दिसतो. लॅमिनेशननेही तेच होतं, प्लास्टिकच्या खिशांच्या फाइलनेही तेच.

बाइंडिंग प्लास्टिकच्या स्पायरलचं करा, म्हणजे वही टेबलावर सपाट उघडी राहते. तारेच्या स्पायरलची टोकं बोटाला लागतात. पानं जाड हवीत, अडीचशे ते तीनशे जीएसएमची, म्हणजे थरथरत्या हातांनाही एकेक पान सुटं धरता येतं. कोपरे गोल कापून घ्या. आणि एकदम दोन प्रती काढा. पहिली प्रत उशीखाली, देव्हाऱ्यामागे किंवा तांदळाच्या डब्यात जाणार, हे गृहीत धरा.

मूळ फोटो द्यायचे की कॉपी? स्कॅन कसं करायचं?

कायम कॉपीच. फोटो चुरगळला जातो, ओला होतो, क्वचित तोंडातही जातो. मूळ फोटो फाटला की घरचा माणूस रागावतो आणि त्या दिवसाचा सगळा हेतूच संपतो.

काम असं करा. अल्बममधून काहीही काढण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो घ्या, म्हणजे क्रम राहतो. मागचा-पुढचा कोण हे बऱ्याचदा क्रमावरूनच कळतं. मग फ्लॅटबेड स्कॅनरवर ठेवा. काच मऊ कोरड्या कापडाने पुसा, नाहीतर एकच धुळीचा कण प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसतो. साध्या पोस्टकार्ड आकाराच्या फोटोला ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) पुरतं. बॉक्स कॅमेऱ्याचे जुने चौकोनी फोटो जेमतेम सव्वादोन इंचांचे असतात. त्यांना १२०० डीपीआय लावा. त्यातून साधारण २७०० पिक्सेल मिळतात आणि ३०० डीपीआयने छापलं तर नऊ इंचांपर्यंत स्पष्ट येतं. निगेटिव्ह सापडली तर ती स्कॅनरवर तशीच ठेवून भागत नाही. मागून प्रकाश देणारा निगेटिव्हसाठीचा स्कॅनर लागतो; तो असलेल्या स्टुडिओत द्या.

स्कॅनर नसेल तर मोबाइल चालतो. फोटो उत्तरेच्या खिडकीजवळ सपाट ठेवा, थेट ऊन नको, फ्लॅश बंद, मोबाइल फोटोला समांतर. थोडं लांबून घेऊन नंतर कापा. अगदी जवळ गेलं की कडा वाकड्या येतात.

चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम सगळ्यात त्रासाचे. वीस-तीस वर्षांत तो चिकटपणा फोटोच्या पाठीत शिरतो. नखाने ओढलं की कोपरा फाटतो. दात साफ करायचा, मेण नसलेला फ्लॉसचा दोरा फोटोच्या मागे घालून करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. तरी सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर ओढूच नका, पाणीही लावू नका. काचेवरूनच स्कॅन होतो.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: नातेवाइकांकडून फोटो मागवताना व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, त्याचा दर्जा उतरतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

फोटोखाली काय लिहायचं?

नातं त्यांच्या बाजूने लिहा. घरात सगळे ‘बाळूमामा’ म्हणतात म्हणून आपण तेच लिहितो, पण तो आईचा मामा नाही, धाकटा भाऊ आहे. आईच्या वहीत ‘माझा धाकटा भाऊ बाळू’ असं हवं. आजीच्या वहीत ‘पणजोबा’ लिहिलं तर तिचे वडील तिला सापडणार नाहीत. ते ‘माझे दादा’ किंवा ती जे म्हणायची ते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. ज्यांचं लग्नात नाव बदललं, त्यांना आजार वाढल्यावर सासरचं नाव परकं वाटू लागतं आणि माहेरच्या नावाला त्या ओ देतात. लग्नाआधीच्या फोटोखाली माहेरचंच नाव लिहा.

मजकूर दोन ओळींपेक्षा जास्त नको. अक्षर तीस पॉइंटच्या आसपास, साधं, ठसठशीत, पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्या कागदावर काळं. नमुना द्यायचा तर असा:

‘मी आणि माझी बहीण कुसुम.
गंगेवर, रामकुंडाजवळ.’

साल लिहायचं तर वहीच्या शेवटी, घरच्यांच्या माहितीसाठी. पानावर ‘१९६२’ दिसलं की काही जण हिशोब करायला लागतात, हिशोब जमत नाही आणि खजील होतात. घरचा पत्ता, फोन नंबर, आधार क्रमांक वहीत नको. ही वही पुष्कळ हातांतून जाते.

वाचता येत नसेल तर घरच्या माणसाच्या आवाजात तेवढीच दोन वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा आणि फोटो दाखवताना लावा.

आजार अजून सुरुवातीचा असेल तर हे मथळे त्यांनीच सांगावेत. त्यांच्या शब्दांत लिहा, त्यांचा आवाज टिपून ठेवा, आणि कोणते फोटो वहीत नकोत हेही तेव्हाच विचारा. ही संधी वर्ष-दोन वर्षांची असू शकते. पुढे ढकलू नका.

बसायचं केव्हा आणि कसं?

सकाळी, चहा-नाष्टा होऊन आंघोळ उरकल्यावर, दहा-अकराच्या सुमाराला. वेळ पंधरा-वीस मिनिटं. संध्याकाळ टाळा. दिवेलागणीला पुष्कळ जणांची घालमेल वाढते. तेव्हा जुना फोटो दाखवला की ‘मला घरी सोडा’ सुरू होतं.

बसण्याआधी चष्मा पुसा, तो वाचायचाच आहे ना बघा, श्रवणयंत्राची बॅटरी तपासा. लघवीला जाऊन येऊ द्या. टीव्ही आणि मिक्सर बंद. समोर न बसता शेजारी बसा, म्हणजे दोघांनाही फोटो सरळ दिसतो आणि आपण साहेबासारखे समोर बसलो आहोत असं त्यांना वाटत नाही. उजेड त्यांच्या खांद्यामागून यावा. फोटो त्यांच्या हातात द्या. हातात काही असलं की लक्ष टिकतं.

आणि बोलायचं काय? ‘ओळखा पाहू हे कोण’ असं विचारलं तर चालतं ना?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त नुकसान करतो. नाव आठवणं हे या आजारात लवकर जाणारं कौशल्य आहे, आणि आपण नेमकं तेच मागतो. उत्तर न आल्यावर आपल्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते त्यांना पुरेपूर वाचता येतं. दोन-तीनदा असं झालं की वही पाहिली तरी ते उठून जातात.

विचारण्याऐवजी दिसेल ते बोला. समजा अण्णांच्या हातात रंगपंचमीचा फोटो आहे, रहाडीच्या काठावर भिजलेली पोरं उभी आहेत. तुम्ही म्हणा, ‘सगळे कसे चिंब भिजलेत बघा.’ मग थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. मेंदूला शब्द शोधायला तेवढा वेळ खरोखर लागतो आणि आपण सहसा तीनवरच तोंड उघडतो. काही आलं नाही तर आणखी एक वाक्य: ‘पाणी चांगलंच खोल दिसतंय.’ आता अण्णा म्हणतील, ‘धप्पा मारायचो.’ तेच शब्द परत द्या: ‘धप्पा मारायचात!’ पुढचं त्यांचं ते येतं. कधी वाक्य, कधी फक्त हाताने उडी मारल्याची खूण. खूण आली तरी तेवढं पुरेसं आहे.

प्रश्न विचारायचाच तर ज्याला चुकीचं उत्तर नसतं असा विचारा. ‘तुम्हाला ही साडी आवडते का?’ चालेल. ‘कधीची आहे?’ नको. ‘आठवतं का?’ हे दोन शब्द घरात बंदच करून टाका, नातवंडांनाही सांगा. मुलं हे फार पटकन शिकतात.

फोटोबरोबर एखादी वस्तू ठेवता आली तर उत्तम: पितळेचा गडवा, जात्यावरचा खुंटा, चावीचं घड्याळ, नऊवारीचा पदर. वास आणि स्पर्श यांना शब्द लागत नाहीत.

ते चुकीचं सांगतात. दुरुस्त करायचं का?

बहिणीला वहिनी म्हणाल्या, तर म्हणू द्या. जावयाच्या फोटोला ‘हा आमचा मास्तर’ म्हणाले, तरी काही बिघडत नाही. गोष्ट त्यांची आहे आणि त्या क्षणी ती त्यांच्यासाठी खरी आहे. दुरुस्ती करायची ती फक्त सुरक्षिततेचा प्रश्न असेल तिथे, आणि फोटोंच्या बाबतीत असा प्रश्न सहसा येत नाही. ‘नाही हो, असं नव्हतं’ म्हणणारा एक तरी नातेवाईक प्रत्येक घरात असतो. त्यांना आधी बाजूला घेऊन समजावून सांगा.

फोटो पाहून वारलेल्या माणसाबद्दल विचारतात, ‘हे कुठे गेलेत?’

‘अहो, ते जाऊन बारा वर्षं झाली’ हे उत्तर त्यांना दर वेळी पहिल्यांदाच मिळतं. दुःख नवं असतं, काही वेळाने कारण विसरतं, पण छातीतलं जडपण तासन्‌तास राहतं.

सुरुवातीच्या टप्प्यात, माणूस थेट विचारत असेल आणि उत्तर पेलवेल असं दिसत असेल, तर खरं सांगा. हात धरून, एकदाच, हळू. आजार पुढे गेल्यावर प्रश्नामागची भावना धरा. ‘बाबांची आठवण येतेय ना? त्यांना तुमच्या हातचं भरीत फार आवडायचं.’ यात खोटं काही नाही. ‘बाजारात गेलेत, येतीलच’ असं आम्ही सहसा सुचवत नाही, कारण मग त्या दारात जाऊन वाट बघत बसतात.

आपल्या घरांत याला जोडून भिंतीवर हार घातलेले फोटो असतात. पतीच्या फोटोवरचा हार आणि कुंकू पाहून काही आजींना रोज नव्याने धक्का बसतो. अशा वेळी तो फोटो त्यांच्या नजरेच्या वाटेवरून हलवा, देवघरात किंवा दुसऱ्या खोलीत न्या आणि त्यांच्या खोलीत त्याच माणसाचा हार नसलेला, तरुणपणीचा, हसरा फोटो लावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटायला वेळ लागतो. पितृपक्षात, श्राद्धाच्या दिवशी हार घालायला हरकत नाही. फक्त फोटो त्यांच्या पलंगासमोर नको.

फोटो पाहून रडू आलं तर वही बंद करावी का?

लगेच नाही. डोळ्यांत पाणी येणं आणि घाबरंघुबरं होणं यात फरक आहे. पाणी आलं, पण फोटो हातात घट्ट आहे, बोट त्यावरून फिरतंय, तर शेजारी बसून राहा. काही बोलायची गरज नाही.

फोटो ढकलला, तोंड फिरवलं, हात चोळायला लागले, उठायचा प्रयत्न केला, श्वास भराभर चालू झाला, तर थांबा. ‘चला, चहा घेऊ’ म्हणून जागा बदला. वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह त्या फोटोची नोंद करा. तोच फोटो पुन्हा तसंच करत असेल तर तो काढून टाका. भाऊबंदकीतला वाद, गेलेलं मूल, सासरचा जाच या गोष्टी फोटोत आपल्याला दिसत नाहीत, त्यांना दिसतात. गंगेला १९६९ मध्ये मोठा पूर आला होता. त्यात ज्यांचं घर-सामान गेलं, त्यांना नदीचा फोटो सुखाचा वाटेलच असं नाही. घरातल्या मोठ्यांना आधी विचारून घ्या.

आई माझ्या लहानपणीच्या फोटोला ओळखते, पण समोर उभ्या असलेल्या मला ओळखत नाही. असं का?

कारण तिच्या मनात तुम्ही आठ वर्षांच्या आहात. समोरच्या पन्नाशीच्या बाईत तिला तिची स्वतःची बहीण किंवा आई दिसते. प्रेम कमी झालेलं नसतं, काळ सरकलेला असतो.

आजार मधल्या टप्प्यात असेल तर चार फोटो एका पट्टीवर लावून बघा: बालवाडीतले तुम्ही, दहावीतले, लग्नातले, आत्ताचे. खाली एकच नाव. काही जण बोट एकेका फोटोवरून नेत शेवटी तुमच्याकडे बघतात. जमलं नाही तर रेटू नका. खोलीत शिरताना स्वतःच सांगत जा, ‘आई, मी सुनंदा, तुझी थोरली.’

आणि स्वतःचा आत्ताचा फोटो त्यांना दाखवून ‘हे तुम्हीच’ असं पटवू नका. ज्यांना आरशातला म्हातारा परका वाटतो, त्यांना तो फोटोही परका वाटतो.

भिंतीवरच्या फोटोंशी बोलतात, कधी घाबरतात. काय करायचं?

बोलत असतील आणि खुश असतील तर बोलू द्या. घाबरत असतील तर फोटो उतरवा. लुई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात नसलेली माणसं दिसतात. तिथे मोठ्या डोळ्यांचा, थेट समोर बघणारा फोटो रात्री जिवंत वाटू शकतो. फ्रेमच्या काचेतलं स्वतःचं प्रतिबिंबही ‘खोलीत कोणीतरी आहे’ असं वाटायला लावतं. रात्री पडदा सारा, काच काढून मॅट प्रिंट लावा.

मेंदूच्या मागच्या भागावर परिणाम करणाऱ्या एका प्रकारात डोळे चांगले असूनही चित्राचा अर्थ लागत नाही. तिथे फोटो हे साधनच चुकीचं. भजन, ओव्या, आवाज, वास वापरा.

‘मला घरी जायचंय’ म्हणतात तेव्हा जुन्या वाड्याचा फोटो दाखवावा का?

कधी उपयोग होतो, कधी आग भडकते. त्या तिरमिरीत दाखवू नका. सकाळच्या शांत वेळी दाखवा आणि पाहा काय होतं. ‘हेच तुमचं घर आहे’ असा वाद घालू नका. ‘ओटा मोठा होता वाड्याचा’ म्हणा आणि त्यांना सांगू द्या. वाडा पाडून तिथे अपार्टमेंट झालं आहे, हे सांगायची गरज नाही.

आमच्याकडे जुने फोटोच नाहीत.

पुष्कळ घरांत नसतात, विशेषतः खेड्यातून आलेल्यांकडे. आधी भावकीत, माहेरी, व्याह्यांकडे विचारा. दुसऱ्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये आपला माणूस कडेला उभा असतो. शाळेचा ग्रुप फोटो, जुनं ओळखपत्र, भजनी मंडळाचा किंवा दिंडीचा फोटो चालतो.

तेही नसेल तर जागांचे फोटो काढा, पण कोन जपून निवडा. आजचा रविवार कारंजा किंवा मेन रोड त्यांच्या ओळखीचा नाही. फलक, गाड्या, नवी दुकानं यांत जुनी खूण हरवते. नारोशंकराची फक्त घंटा, दुतोंड्या मारुतीचा दगडी चेहरा, काळारामाच्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, वडाचा पार असं जे बदललेलं नाही ते जवळून, भरून टिपा. भांडी, चूल, मोट, जातं यांचे फोटोही बोलतं करतात.

टीव्हीवर, टॅबलेटवर किंवा डिजिटल फ्रेममध्ये दाखवलं तर? जुने फोटो रंगीत करून घ्यावेत का?

छापील वही बरी. स्क्रीन वापरायचीच तर एक फोटो निदान मिनिटभर राहू द्या, फोटो बदलताना फिरणं-विरघळणं बंद करा आणि अर्ध्या तासाने बंद करा. दिवसभर चालू ठेवलेली फ्रेम दोन दिवसांत भिंतीचा भाग होते. मोबाइल हातात देऊ नका. बोट लागून फोटो सरकतो आणि वर मेसेज येऊन पडतात.

रंगवण्याचं अॅप साडीचा रंग अंदाजाने भरतं. हिरव्या शालूचा निळा झाला की आजी म्हणते, ‘ही मी नव्हे.’ आणि तिचं बरोबर असतं. चेहरा ‘सुधारणारी’ अॅपं तर नाक-डोळेच बदलतात. डाग काढा, उजेड वाढवा, लालसर झालेल्या जुन्या रंगीत फोटोचा रंग थोडा सावरा, तेवढंच. गेलेल्या माणसाच्या फोटोला हलवून-बोलवून दाखवणारी अॅपं या आजारात वापरू नका.

सांभाळायला मावशी येतात. त्यांनी हे करावं का? आणि दवाखान्यात दाखल करावं लागलं तर?

नक्की करावं, दिवसाचे सर्वांत जास्त तास त्याच असतात. त्यांच्यासाठी वेगळा एक कागद करा: वहीतल्या प्रत्येक फोटोत कोण, त्यांना काय हाक मारायची, कोणत्या तीन विषयांवर त्या खुलतात, कोणता विषय काढायचा नाही. वहीत हे लिहू नका, कारण ती रुग्णही वाचतो.

दवाखान्यात पूर्ण वही नको. एकच ए-फोर पान न्या: तरुणपणीचा एक फोटो, कोणत्या नावाने हाक मारायची, काय काम करायचे, चहा कसा लागतो, घाबरल्यावर काय केलं की शांत होतात. ते पलंगाच्या डोक्याशी लावायला नर्सना विचारा. समोरची पेशंट पूर्वी शाळेत शिकवायची हे कळलं की स्टाफची हाक मारायची पद्धत बदलते. आणि बैठकीचे व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. शब्द शोधताना अडखळणारा चेहरा हा त्यांचा खासगी क्षण आहे.

बोलणं जवळजवळ बंद झालंय. आता फोटोंचा काही उपयोग?

थोडा. ए-फोरवर एकच चेहरा, आईचा किंवा लहान बाळाचा. बाळाचे फोटो फार शेवटपर्यंत प्रतिसाद मिळवतात. दोन-तीन मिनिटं पुरेत. नजर थांबली, ओठ हलले, हाताची पकड बदलली तर तोच प्रतिसाद. काही नाही झालं तर फोटो बाजूला ठेवा आणि हाताला तेल लावा, ओवी म्हणा.

कालपर्यंत वहीत रमत होते, दोन दिवसांत काहीच कळेनासं झालं. आजार वाढला का?

स्मृतिभ्रंश सहसा दोन दिवसांत असा वाढत नाही. लघवीचा संसर्ग, उन्हाळ्यात पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, नवं औषध, पडून डोक्याला मार, पक्षाघात यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता मोठी. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. एक बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडलं तर थांबू नका, १०८ लावा. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, आणि सांभाळणाऱ्याचाच धीर सुटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

मूळ फोटोंचं काय करायचं?

स्कॅन झाल्यावर ते पावसाळ्याआधी हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट नको, तिथे ओल धरते आणि बुरशी येते. फोटोंच्या मध्ये साधा पांढरा कागद घाला, वर्तमानपत्र नको. मागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. स्कॅनच्या फाइली दोन ठिकाणी आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे ठेवा.